टेकडी वाचवायची तर आधी पायवाट नोंदवा

पुण्यात टेकडीचा वाद पेटला की दोन फलक हमखास दिसतात. एकावर टेकडी हे शहराचे फुप्फुस असल्याचे लिहिलेले असते, दुसऱ्यावर वाहतूककोंडीत अडकलेल्या रुग्णवाहिकेची आठवण करून दिलेली असते. वेताळ टेकडीच्या उतारावरून जाणारा बालभारती ते पौड फाटा रस्ता असो, टेकडीच्या पोटातून बोगदे काढण्याचा प्रस्ताव असो, की शहरात समाविष्ट झालेल्या गावांतल्या जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण असो, बोलणे याच दोन फलकांच्या मध्ये अडकून पडते. एक बाजू झाडे मोजते, दुसरी मिनिटे मोजते. टेकडीवर रोज पहाटेपासून जे प्रत्यक्ष घडते, म्हणजे माणसे तिथे चालतात, ते दोघांच्याही हिशेबात नसते. माझे म्हणणे सरळ आहे. टेकडीचा सगळ्यात मोठा सार्वजनिक उपयोग चालणे हाच आहे आणि तिचे सगळ्यात भक्कम संरक्षणही चालण्यातच आहे. म्हणून टेकडी वाचवण्याची सुरुवात वृक्षारोपणाने किंवा कुंपणाने करू नये. घराच्या गल्लीपासून टेकडीच्या माथ्यापर्यंत आणि तिथून पुढच्या डोंगरापर्यंत जाणारी पायवाट आधी नकाशावर आणि दप्तरात नोंदवावी.

आधी फुप्फुसाचे पाहू, कारण ही घोषणा टेकडीच्या मित्रांची आहे आणि टेकडीची बाजू तिनेच लंगडी केली आहे. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. टेकडीवर रस्ता झाला तरी तो तेवढाच राहणार. टेकडीचे काम वेगळे आहे. ती पावसाचे पाणी भेगाळलेल्या कातळात मुरवते, उतारावरची माती धरून ठेवते, भोवतालची हवा थोडी गार राखते आणि शहरात दुसरीकडे कुठेही न उरलेल्या गवताला, किड्यांना, पक्ष्यांना जागा देते. पण ‘टेकडी म्हणजे झाडे आणि झाडे म्हणजे ऑक्सिजन’ असे आपणच एकदा म्हटले, की समोरचा शांतपणे सांगतो: एका झाडामागे दहा लावू, म्हणाल तिथे लावू. याला मग काय उत्तर द्यायचे? झाडाच्या बदल्यात झाड देता येते. डोंगराच्या बदल्यात डोंगर आणि वाटेच्या बदल्यात वाट कुठून आणणार?

शिवाय वेताळ टेकडी मुळात दाट जंगल नाहीच. खाली काळा कातळ, त्यावर वीतभर मुरूम-माती, त्यावर गवत, मधूनमधून सालई-मोईसारखी पानगळीची झाडे आणि पावसाळ्यात जमिनीतल्या कंदातून उगवून चार महिन्यांत निरोप घेणारी कंदीलपुष्पासारखी फुले, असा हा दख्खनचा डोंगरमाळ आहे. एक कुसळी गवतच घ्या. दिवाळीच्या सुमारास टेकडीवरून आलेल्या प्रत्येकाच्या पायमोज्यात त्याची कुसळे रुतलेली असतात. त्यातले एक काढून तळहातावर ठेवले तर दिसते की पुढे सुईसारखे टोक आहे, टोकावर मागे वळलेले राठ केस आहेत आणि मागे पीळ घातलेली लांब शेपटी आहे. दव पडले की शेपटीचा पीळ सुटतो, ऊन लागले की पुन्हा बसतो. या फिरण्याने दाणा स्क्रूसारखा मातीत शिरत जातो आणि मागे वळलेले केस त्याला बाहेर येऊ देत नाहीत. उन्हाळ्यात वरून वणवा गेला तरी जमिनीत शिरलेला दाणा तगतो. इतक्या तयारीने इथे राहणाऱ्या गवताला आपण ‘पडीक’ म्हटले आणि त्यावर गिरिपुष्प लावत सुटलो. कारण त्याची फांदी खोचली की जगते, गुरे सहसा तोंड लावत नाहीत आणि वनीकरणाचा आकडा झटपट भरतो. त्या दाटीखाली माळाचे गवत उरत नाही. टिटवी, रातवा, चंडोल हे पक्षी जमिनीवर अंडी घालतात. गवताळ मोकळी जमीन गेली की त्यांनाही तिथे थारा राहत नाही.

या जमिनीला नाव देता आले नाही म्हणून आपण तिची बाजू नीट मांडू शकत नाही. ऑस्ट्रेलियात शहराला लागून असलेल्या मूळ रानाला बुशलँड म्हणतात. सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्सने १९८६ साली शहरी भागातल्या बुशलँडसाठी वेगळे नियोजन धोरण केले. त्यातली व्याख्या झाडांच्या संख्येवर बेतलेली नव्हती. मूळ वनस्पतींचा अवशेष उरला असेल, किंवा तो बदलला असला तरी मूळ रानाची ठेवण आणि जाती अजून दाखवत असेल, तर ती जमीन बुशलँड. खडकावरचे खुरटे झुडूपही त्यात आले. आपल्याकडेही शब्दांची वाण नाही. विदर्भाच्या महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ आहे, इकडे माळ आहे, गायरान आहे, कुरण आहे. पण चर्चेला बसलो की आपल्याला दोनच शब्द आठवतात, जंगल आणि रिकामी जागा. एकदा रिकामी म्हटली की ती कशाने तरी भरायची घाई सुरू होते. कोणी रस्त्याने भरतो, कोणी रोपांनी.

आता चालण्याकडे येऊ. पायवाट ही हौसेची गोष्ट आहे, पायाभूत सुविधा म्हणजे रस्ते, पूल आणि मेट्रो, असा एक समज पक्का बसलेला आहे. या प्रदेशाचा इतिहास त्याच्या नेमका उलट आहे. नाणेघाट काय आहे? सातवाहनांच्या काळी कोकणातला माल घाटावर आणणारी पायवाट. तिच्या माथ्याशी लेणे आहे, कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. चढून आलेल्या माणसाला आणि जनावराला सावली लागेल, पाणी लागेल, हा विचार करून दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी छिन्नी चालवली. पर्वतीच्या पायऱ्या पेशवाईतल्या, देऊळ नानासाहेबांनी १७४९ साली बांधले, आणि आजही पहाटे त्या पायऱ्यांवर शहरातली सगळ्या थरांतली माणसे असतात. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढते, तेव्हा त्या दिवशी घाट पायांचा असतो आणि गाड्या थांबतात. पालखी महामार्गाच्या कामात वारकऱ्यांसाठी कडेने स्वतंत्र पायमार्गाची तरतूद केली गेली, आणि ती योग्यच आहे. लाखो लोक वर्षातून एकदा चालतात म्हणून वाट बांधायची हे आपल्याला पटते, तर हजारो लोक वर्षाचे ३६५ दिवस जिथे चालतात तिथे वाट का नको?

यावर सर्वात वजनदार आक्षेप रस्तेवाल्यांकडून येत नाही, टेकडीची मनापासून काळजी करणाऱ्यांकडून येतो. ते म्हणतात, माणसांमुळेच टेकडी झिजते आहे. वाटा रुंदावून चर झाल्या, मुळे उघडी पडली, कचरा वाढला, मोकळी सोडलेली कुत्री पक्ष्यांची अंडी खातात, सिगारेटच्या थोटकाने वणवा लागतो. त्यात तुम्ही आणखी माणसे बोलावणार? हे सगळे खरे आहे आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही. पण त्यात कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. वाट खचते ती पायांच्या संख्येमुळे कमी आणि चुकीच्या आखणीमुळे जास्त.

पुण्याच्या टेकड्यांवरच्या बहुतेक वाटा कोणी आखलेल्याच नाहीत. पायथ्याला जिथे भिंतीत भगदाड मिळाले तिथून माथ्याकडे नाकासमोर माणसे चढत गेली. पाणी ज्या दिशेने उतरते त्याच रेषेवर वाट पडली की पहिल्या जोराच्या पावसात वाटेचा ओढा होतो. वरची माती जाते, मुरूम सुटा होतो, आणि उतरताना तो बुटाखाली छऱ्यांसारखा गरगरतो. मग लोक चर टाळून कडेच्या गवतावरून उतरतात. पुढच्या पावसाळ्यात ती कडही खचते. दोन माणसांची वाट अशी पाच-सहा मीटरचा पट्टा होते. गर्दी निम्मी केली तरी हा ओढा थांबणार नाही, कारण तो पाण्याने केलेला आहे.

डोंगरात टिकाऊ वाट काढण्याचे शास्त्र साधे आहे आणि जगभर सारखेच आहे. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्यापेक्षा कमी ठेवायचा आणि सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दहा मीटर चाललो तर एक मीटर चढलो. वेताळ टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे, पायथ्याचे शहर साधारण ५७० मीटरवर. म्हणजे २३० मीटर चढायला या हिशेबाने वाट जवळजवळ २३०० मीटर लांब, उताराला आडवी, वळणे घेत जायला हवी. वाटेची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर खाली ठेवायची, म्हणजे पाणी वाटेवरून धावत नाही, आडवे ओलांडून दरीकडे उतरते. दर पंधरा-वीस मीटरवर वाटेला जरासा उलटा उतार द्यायचा, म्हणजे धार लांबत नाही. जिथे जुनी सरळ वाट बदलता येत नाही तिथे दगडाचे आडबांध घालायचे, पण वाटेला काटकोनात घालायचे नाहीत. तीस ते पंचेचाळीस अंशांत तिरके घालायचे आणि प्रत्येक दगड दोनतृतीयांश जमिनीत गाडायचा. काटकोनातला बांध गाळाने भरतो आणि पाणी त्याच्यावरून उडी मारते. वरवर ठेवलेला दगड पहिल्याच मोसमात घरंगळतो. आणि वळणावरचा आडमार्ग बंद करायचा असेल तर सूचनेचा फलक पुरत नाही. वळण अशा जागी घ्यायचे की खालची वाट वरून दिसणारच नाही, आणि मधल्या तुकड्यावर दगड आणि बाभळीच्या फांद्या टाकायच्या. खालची वाट दिसली की माणूस सरळ उतरतो. हा त्याचा दोष मानून भागत नाही, आखणारानेच ते धरून चालायचे असते.

महापालिका किंवा वनखाते यातले किती करते? बहुतेकदा उपाय दोनच असतात. एक, ट्रकभर मुरूम आणून टाकायचा. तो उतारावर चोपून बसवलेला नसल्याने सप्टेंबरपर्यंत खालच्या गटारात पोचतो. दुसरा, पेव्हर ब्लॉक बसवून ‘जॉगिंग ट्रॅक’ करायचा. ब्लॉकवर पडलेले पाणी मुरत नाही, कडेने वेगाने धावते आणि दोन पावसाळ्यांत ब्लॉकखालची माती पोखरते. मीटरभर रुंदीची, नीट आखलेली कच्ची वाट याहून स्वस्त पडते आणि जास्त टिकते. तिला सिमेंट लागत नाही. फावडे-टिकाव चालवणारी आठ-दहा माणसे, उतार मापायचे साधे यंत्र आणि पाणी कुठून येते ते भर पावसात उभे राहून पाहणारा एक जाणकार, एवढे लागते.

कुंपणाचे काय? कुंपण घातले की टेकडीत शिरायच्या दहा जागांच्या दोन होतात आणि दहा वाटांवर विखुरलेली माणसे दोन वाटांवर कोंबली जातात. त्या दोन वाटा अधिक वेगाने खचतात, आणि उरलेल्या आठ जागी महिन्याभरात जाळी वाकवलेली दिसते. काही भाग काही काळ बंद ठेवावा, हे मला पूर्ण मान्य आहे. उन्हाळ्यात जमिनीवर अंडी असतात तेव्हा माळाचे ठरावीक तुकडे बंद ठेवावेत, गवत वाळल्यावर आगपेटी-सिगारेटला कडक मनाई असावी, कुत्रा साखळीतच हवा. पण हे सगळे करायला वाट निश्चित असावी लागते. वाटच नसेल तर ‘वाट सोडू नका’ हे कोणाला आणि कशावर बोट ठेवून सांगणार?

हाँगकाँग पुण्याहून कितीतरी दाटीचे शहर आहे. तिथे १९७६ साली ग्रामीण उद्यानांचा कायदा झाला आणि आज भूभागाचा सुमारे ४० टक्के हिस्सा त्या संरक्षणाखाली आहे. १९७९ मध्ये खुली झालेली १०० किलोमीटरची मॅकलहोज पायवाट त्याच डोंगरांतून जाते. तिच्यावर दर ५०० मीटरला क्रमांकाचा खांब आहे. पाय मुरगळला, चक्कर आली, तर फोनवर खांबाचा क्रमांक सांगायचा. सुरक्षिततेचा मुद्दाही इथेच येतो. टेकड्यांवर लुटीचे, छेडछाडीचे प्रकार होतात म्हणून संध्याकाळी टेकडी बंद करा, अशी मागणी वरचेवर होते. एकट्या बाईला तिथे जायला भीती वाटते हे खरे आहे, आणि जिला वाटते तिला ‘घाबरू नका’ म्हणणे निर्दयपणाचे आहे. पण निर्जन केल्याने जागा सुरक्षित झाली असे कधी झाले आहे का? पर्वतीच्या पायऱ्यांवर पहाटे पाचला बायका निर्धास्त चढतात ते पहाऱ्यामुळे नाही, वर-खाली सतत माणसे असतात म्हणून. टेकडीवर क्रमांकाचे खांब, अनेक प्रवेश, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना नजरेच्या टप्प्यात छाटलेली झुडपे, यांनी जे साधेल ते कुलपाने साधणार नाही.

सर्वात अवघड प्रश्न जमीनमालकांचा आहे आणि टेकडीवाले त्याला बगल देतात. सगळी टेकडी सरकारी नसते. काही वनखात्याची असते, काही महापालिकेची, काही खासगी. १९९७ साली शहरात आलेल्या गावांपैकी २३ गावांच्या विकास आराखड्यात सुमारे ९७८ हेक्टर डोंगर-उतारावर जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण पडले. ते मंजूर व्हायला २०१५ उजाडले आणि मोबदला ठरला आठ टक्के टीडीआर, म्हणजे रोख पैशांऐवजी दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. ज्याच्या आजोबांची ती जमीन आहे त्याला विचारा. शहराच्या हवेसाठी माझ्याच सातबाऱ्यावर शिक्का का, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. मोबदला वाजवी नसेल तर आरक्षण कागदावर राहते आणि डोंगर रातोरात गुंठ्या-गुंठ्याने विकला जातो. ही बाजू ऐकून न घेता ‘बिल्डरांचे दलाल’ असा शिक्का मारणे अन्यायाचे आहे आणि त्याने टेकडी वाचतही नाही.

पण पायवाटेची मागणी आणि संपूर्ण संपादनाची मागणी यांत फरक आहे. हिशेब करून पाहा. दोन मीटर रुंद आणि एक किलोमीटर लांब वाट म्हणजे २,००० चौरस मीटर, जेमतेम २० गुंठे. तीस मीटर रुंदीचा तेवढाच लांब रस्ता म्हणजे तीन हेक्टर, पंधरापट. वाटेखालची मालकी मालकाकडेच ठेवून फक्त जाण्या-येण्याचा हक्क घेता येतो आणि त्याचा मोबदला रोख देता येतो. एका वर्षात, पूर्ण. आरक्षणाचा मोठा प्रश्न सुटायला आणखी दहा वर्षे लागली तरी वाट तोवर जिवंत राहील.

आणि यासाठी नवा शोध लावायचा नाही. महसूल खात्याच्या गाव नकाशावर वाटा आधीच आहेत. गावाहून गावाला जाणारा गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवतात आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने. त्या पायमार्गाची प्रमाण रुंदी सव्वाआठ फूट धरलेली आहे. म्हणजे ज्या अडीच मीटरसाठी आपण आज भांडतो आहोत ते इंग्रजांच्या काळातल्या मोजणीदाराने साखळी ओढून कागदावर मांडून ठेवले आहेत. गाव शहरात आले की नकाशा बदलतो. विकास आराखड्यात नऊ मीटरचा, बारा मीटरचा, चोवीस मीटरचा रस्ता येतो, आणि एकेरी तुटक रेषेकडे कोणाचे लक्ष जात नाही. मग तिच्यावर सोसायटीची सीमाभिंत उभी राहते. भिंत बांधणाऱ्याचाही दोष नसतो, कारण त्याला मिळालेल्या नकाशावर वाट नसतेच. १९९७ साली हे झाले. २०१७ साली अकरा आणि २०२१ साली आणखी तेवीस गावे आली, तिथेही हेच होणार, जर आत्ता कोणी विचारले नाही तर.

कायदा यात कितपत साथ देतो? मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली अडवलेला रस्ता तहसीलदार मोकळा करून देऊ शकतो, पण तो शेती-चराईच्या जमिनीच्या वहिवाटीपुरता. सुविधाधिकाराचा १८८२ चा कायदा वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीला मान देतो, पण तो हक्क शेजारच्या जमिनीच्या धारकाला मिळतो, डेक्कनवरून टेकडीवर फिरायला येणाऱ्या माणसाला नाही. चालणारा हा कायद्याच्या दृष्टीने कोणीच नाही. शेतरस्त्यांची नोंद आता सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घेण्याचे धोरण आले आहे. तोच रकाना टेकडीच्या वाटेला का चालू नये?

इंग्लंडमधल्या चालणाऱ्यांची लढाई इथे आठवते. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरजवळच्या किंडर स्काउट डोंगरावर काही शे लोक मालकांची मनाई मोडून चढले. बहुतेक गिरण्या-कारखान्यांत काम करणारी तरुण पोरे होती. जमीनदारांना तो डोंगर शिकारीसाठी राखून ठेवायचा होता. पाच जणांना तुरुंगवास झाला. ही गोष्ट तिथे अभिमानाने सांगतात. मला तिच्यापेक्षा १९४९ मध्ये आलेला कायदा महत्त्वाचा वाटतो. त्याने प्रत्येक परगण्याच्या परिषदेला सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा करायला लावला. त्या नकाशावर वाट असणे हाच तिचा निर्णायक पुरावा ठरला. वाटेत भिंत घालायची तर आधी वाट कायदेशीरपणे हलवावी लागते. मोर्च्याने डोंगर एक दिवस मोकळा झाला होता, नकाशाने तो कायमचा झाला. पुण्यात मोर्चे झाले आहेत आणि चांगले झाले आहेत. नकाशा झालेला नाही.

आणखी एक आक्षेप टोचणारा आहे. टेकडी ही प्रभात रोड-कोथरूडच्या सुखवस्तूंची चैन, वस्तीतल्या माणसाला घर आणि रस्ता हवा. पण टेकड्यांच्या पायथ्याशी कोण राहते ते पाहा. वडारवाडी, जनवाडी, केळेवाडी, सुतारदरा, पर्वतीच्या उतारावरची जनता वसाहत. ज्यांच्या घरात दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे राहतात, त्यांच्या पोरांना पळायला दुसरी कुठली मोकळी जागा आहे? क्लबचे मैदान आणि जिमचे सदस्यत्व ज्याच्याकडे आहे त्याचे टेकडीवाचून अडत नाही. सिडनीतल्या केलीज बुशची हकीकत या ठिकाणी उपयोगी आहे. १९७१ साली हंटर्स हिल या सुखवस्तू उपनगरात पाण्याकाठचे शेवटचे रान घरबांधणीला जाणार होते. तेरा गृहिणींनी ते वाचवायची मोहीम चालवली, सगळीकडून नकार आल्यावर त्या बांधकाम मजुरांच्या संघटनेकडे गेल्या. जॅक मंडी तेव्हा त्या संघटनेचे नेते होते. मजुरांनी तिथे काम करायला नकार दिला आणि ‘ग्रीन बॅन’ची, म्हणजे परिसर वाचवण्यासाठी मजुरांनी कामावर घातलेल्या बहिष्काराची, ती पहिली वेळ ठरली. ज्यांना त्या कामातून रोजी मिळणार होती त्यांनीच रान आपले मानले. पुण्यातली टेकडीची चळवळ जनवाडीत जाऊन सभा घेईल, तिथल्या बायका कुठल्या वाटेने कामावर जातात ते विचारून नकाशात भरेल, तेव्हा हा आक्षेप गळून पडेल. तोवर तो अर्धा खरा राहणार.

वाहतूककोंडी खरी आहे, हेही मानतो. पण टेकडीची वाट आणि शहराचा पदपथ हा एकच धागा आहे आणि तो पायथ्याशी तुटतो. पुण्याने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले. पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी हा भारतीय रस्ते परिषदेचा दंडक आहे. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मागची हनुमान टेकडी उतरून वेताळ टेकडीकडे जाणाऱ्याला मध्ये सेनापती बापट रस्ता ओलांडावा लागतो. दोन टेकड्यांमधल्या खिंडीतून हा रस्ता गेला तेव्हा चालणाऱ्याचा विचार झाला असता, तर आज तिथे डोंगरावरून डोंगरावर नेणारा साधा पादचारी पूल असता. खालच्या प्रत्येक चौकात फलक हवा, आणि त्यावर किलोमीटर नको, मिनिटे हवीत. त्याचे गणित स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथने १८९२ मध्येच घालून दिले आहे: सपाटीला ताशी पाच किलोमीटर, अधिक दर ६०० मीटर चढाला एक तास. आपल्या २३०० मीटरच्या वाटेला सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटे आणि २३० मीटर चढाची तेवीस, म्हणजे साधारण पन्नास. ‘वेताळ मंदिर, चालत ५० मिनिटे’ असे वाचले की टेकडीशी गाडी लावण्यासाठी रोज होणारी गर्दी थोडी तरी कमी होईल. टेकडीवर चालायला गाडीने जाणे हेही कोंडीचेच एक कारण आहे.

शहराच्या दक्षिणेला तर सिंहगडापासून कात्रज, बोपदेव, दिवे घाट ओलांडून भुलेश्वरापर्यंत अखंड रांगच आहे. कात्रज ते सिंहगड ही सुमारे १५ किलोमीटरची धार पौर्णिमेच्या रात्री शेकडो लोक चालतात. ती वाट बांधलेली नाही, तुडवून झालेली आहे. वाटेत भरवशाचे पाणी नाही, उन्हाळ्यात माणशी तीन लिटर तरी पाठीवर हवे. धुक्यात एका सोंडेऐवजी दुसऱ्या सोंडेवर उतरले की तास-दोन तास फुकट जातात आणि उतारांवरचा सुटा मुरूम गुडघे फोडतो. तिला दर अर्ध्या किलोमीटरला खांब, धोक्याच्या पाच-सहा उतारांवर आडवी वळणे, आणि दोन जागी पावसाचे पाणी साठवणारी टाकी मिळाली, तर नाणेघाटातल्या टाक्यांहून जास्त काही मागितले असे होणार नाही. कात्रजचा जुना रस्ता बोगद्यातून गेला म्हणून वरची धार चालणाऱ्याला सलग मिळते. दिवे घाटाच्या रुंदीकरणात वरच्या डोंगरवाटा कुठे तुटतात आणि कुठे ओलांडता येतील, हे काम चालू असतानाच विचारले पाहिजे. नंतर विचारून उपयोग नसतो.

सुरुवात एखाद्या गावापासून करता येईल. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत काढायची, त्यावरच्या एकेरी तुटक रेषा लाल पेन्सिलने गिरवायच्या, मग फोनचे जीपीएस चालू ठेवून प्रत्येक रेषा चालून पाहायची. कुठे मोकळी आहे, कुठे भिंत आली, कुठे नुसते गवत वाढले आहे, त्याची गट क्रमांकानिशी टिपणे काढायची. आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात तेव्हा ‘टेकडी वाचवा’ असे हजार सारखे अर्ज देण्यापेक्षा असा एक नकाशा जास्त काम करतो, कारण सुनावणीला बसलेल्या अधिकाऱ्याला त्यातल्या प्रत्येक रेषेवर होय किंवा नाही लिहावे लागते. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकावे, तेव्हा गवत वाळून बसलेले असते आणि जुनी वाट सकाळच्या तिरप्या उन्हात लांबून ओळखू येते. आडबांधांचे दगड मात्र मे महिन्यात, पहिल्या वळवाच्या आत गाडून व्हायला हवेत.